वडस्याचं नाटकाच्या सामानाचं दुकान: ड्रेस ठीकठाक, माणसं एक नंबर

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडस्यात नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत त्याच भागात पडदे, ड्रेस, विग भाड्यानं देणारं एक दुकान आहे, त्याच्याबद्दल लिहून राह्यलो. नाव टाकत नाही कारण थोडी नावंबी ठेवणार आहो. आमचं गावातलं हौशी मंडळ, सगळे धानाचे शेतकरी, मंडईले, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावच्या जत्रेले, वर्षातून एक नाटक करतो. आता बहुतेक गावं कंपनीचंच नाटक बुक करतात, आमाले अजून स्वतः कराची खाज आहे.

पहिले सामान. पडदे चांगले, राजवाडा जरा फाटका आहे पण रात्री लाईटात कोणाले दिसते. ड्रेस धुऊन देतो म्हणते पण भरवसा नाही, एकदा इन्स्पेक्टरच्या खिशात मागच्या गावचा तंबाखू-सुपारीचा खर्रा निघाला, अर्धा खाल्लेला. विग आणि दाढ्या डोळ्यानं पाहूनच घ्या आणि गम स्वतःचा न्या, नाहीतर पहाटे तिसऱ्या अंकात मिशी लोंबते. रेट परवडते, नागपूरहून आणाचं म्हटलं तर गाडीभाड्यातच मंडळ बुडते. डिपॉझिट परत देताना लय कटकट करते, सामान घेतानाच फोटो काढून ठेवा.

पण खरी गोष्ट येगळीच आहे. हा दुकानदार माणसं जोडून देते. आमचा व्हिलन ऐनवेळी पुण्याले कंपनीत लागला, आम्ही तोंड पाडून बसलो होतो, यानं तिथूनच फोन लावला आणि वैनगंगेपलीकडचा एक वायरमन भाऊ पाठवला. तो थंडीत मफलर गुंडाळून रोज रात्री गाडीनं तालमीले येत जाय. रोज त्याच्या थोबाडावर "नीच माणसा" म्हणून ओरडाचं आणि मग त्याच्याच डब्यातली वांग्याची भाजी खाची, आता अशा माणसासोबत दोस्ती नाही होईल तर काय होईल. नाटक संपलं तवा उजाडलं होतं, पब्लिक गेली, हा पडदे गुंडाळत बसला. धानाच्या रोवणीच्या टायमाले मजूर भेटत नव्हते तर बायकोले घेऊन माझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरला. माझा पोरगा त्याले अजून घाबरते, स्टेजवर बापाले मारताना पाह्यलं ना त्यानं.

लेडीज आर्टिस्टबी इथूनच भेटली. नागपूरची ताई, सीझनभर वडस्यात रूम घेऊन राह्यते, तिले आमच्यासोबत एकच तालीम भेटली आणि त्यात तिनं आमाले सगळ्यायले झापलं, प्रॉम्प्टरलेबी, "इतक्या जोरानं नको सांगू बे, पब्लिक माझ्याआधी ऐकते." भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात म्हणून त्या सणाले तिले घरी जाणंच होत नाही, तर मेकअप रूममध्येच आमाले ओवाळते, अर्धा मेकअप झालेला, ताटात कुंकू आणि बाजूले पावडरचा डबा. ओवाळणीचे पैसे मंडळाच्या हिशोबात नाही टाकाचे हे ठरलं आहे, खजिनदार तरी टाकून पाहते.

आमच्या झाडीपट्टीतले नाटकाचे कलावंत परशुराम खुणेंना २०२३ ले पद्मश्री भेटली तवाचं पेपरातलं कात्रण काउंटरमागं लावलं आहे. गिऱ्हाईक कोणीबी असो, पहिले ते दाखवते, मग रेट सांगते. घाईत असाल तर जीव जाते.

बुकिंग दिवाळीच्या बरंच आधी करा, मंडईच्या तारखायले गावोगावचे लोक एकाच पडद्यासाठी भांडतात. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दिवसातबी तेच हाल. दुपारी जाऊ नका, झोपलेला असते, फोनबी उचलत नाही.

चार स्टार. एक विगसाठी कापला.