कंपनीचं स्टेशन, कुटुंबाचं स्टेशन की न्यूझीलंडचा डेअरी फार्म? गुरांच्या कामाला परदेशी जाणाऱ्यांसाठी

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर २०२४मध्ये वर्क अँड हॉलिडे व्हिसा (सबक्लास ४६२) खुला केला. तेव्हापासून कृषी पदवीधर मुलंमुली एक प्रश्न हमखास विचारतात: तिकडच्या गुरांच्या स्टेशनवर काम मिळेल का? मिळतं. स्टेशन म्हणजे तिकडची रँच. नॉर्दर्न टेरिटरीतलं अलेक्झांड्रिया हे एकच स्टेशन जवळपास १६,००० चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे अख्ख्या पुणे जिल्ह्याहून किंचित मोठं, आणि त्यावर माणसं मात्र एखाद्या छोट्या वाडीइतकी.

आपल्याकडच्या मुलांपुढे खरे पर्याय तीन आहेत: उत्तर ऑस्ट्रेलियातलं एखाद्या कंपनीचं मोठं स्टेशन, पश्चिम क्वीन्सलँडमधलं एखाद्या कुटुंबाचं स्टेशन, नाहीतर न्यूझीलंडमधला डेअरी फार्म. बहुतेक जण आधी पगार विचारतात. मी आधी विचारेन की पटलं नाही तर नोकरी सोडता येईल का? जवळचं गाव दोनशे किलोमीटरवर असेल आणि व्हिसा एकाच मालकाच्या नावावर असेल, तर पगाराचा आकडा फारसा कामाचा राहत नाही.

व्हिसाची गाठ

४६२ कोणत्याही मालकाशी बांधलेला नसतो. सकाळी भांडण झालं तर संध्याकाळी दुसरीकडे फोन लावता येतो. एका मालकाकडे सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं नाही अशी अट आहे खरी, पण पशुपालनाच्या कामाला तिच्यातून सूट आहे. वय १८ ते ३० हवं, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण पूर्ण झालेलं हवं, इंग्रजी कामापुरतं (आयईएलटीएस सरासरी ४.५) आणि खात्यात साधारण ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर. मुलाबाळांना सोबत नेता येत नाही. अडचण एकच, आणि ती मोठी आहे: वर्षाला जागा १,००० आणि त्या सोडतीने भरतात. पहिल्याच वर्षी दोन आठवड्यांत सुमारे ४०,००० नावं आली होती. नोंदणीचे २५ डॉलर जातात, नाव निघालंच तर पुढे व्हिसाचे सहाशेहून जास्त. नाव निघेपर्यंत हातातली नोकरी सोडू नका.

पहिल्या वर्षात ठरलेल्या भागात ठरलेल्या प्रकारचं तीन महिन्यांचं (८८ दिवस) पगारी काम केलं की दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मागता येतो. दुसऱ्या वर्षी सहा महिने केलं तर तिसऱ्याचा. जनावरं सांभाळणं, कुंपण घालणं, गुरं गोळा करणं यात बसतं. मालकिणीची मुलं सांभाळणं हे काम 'पशुपालन' म्हणून धरलं जाईल अशी आशा ठेवू नका, मग तुम्ही राहायला स्टेशनवरच का असेना. स्टेशनचा पोस्टकोड यादीत आहे ना, हे होकार देण्याआधी ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या साइटवर स्वतः पाहा. 'राहाणं-खाणं फुकट, पगार नाही' अशा कामाचे दिवस २०१५च्या अखेरीपासून मोजत नाहीत.

न्यूझीलंडला बहुतेक जण अॅक्रेडिटेड एम्प्लॉयर वर्क व्हिसावर जातात. त्यावर मालकाचं नाव, काम, जागा सगळं लिहिलेलं असतं. मालक बदलायचा तर पुन्हा अर्ज. पिळवणूक झाली तर बाहेर पडण्यासाठी वेगळा संरक्षक व्हिसा आहे, पण तिथवर पोचायला तक्रार करावी लागते आणि पुरावे जमवावे लागतात. सोडत नाही, वयाची ३०ची मर्यादा नाही, हे मात्र त्याच्या बाजूने. संबंधित कामाचा दोन वर्षांचा अनुभव मागतात.

कंपनीचं स्टेशन: सोबत भरपूर, काम त्याहून भरपूर

बार्कली टेबललँड, व्हिक्टोरिया रिव्हर हा टापू मोठ्या कंपन्यांचा. १८२४ची ऑस्ट्रेलियन अॅग्रिकल्चरल कंपनी, १८७७ची नॉर्थ ऑस्ट्रेलियन पास्टोरल कंपनी ही त्यांतली जुनी नावं. नव्याने येणाऱ्याला 'स्टॉक कॅम्प'मध्ये घालतात: एक हेड स्टॉकमन, हाताखाली विशी-पंचविशीचे सात-आठ 'रिंगर' (गुरं हाकणारे कामगार), आणि एक स्वयंपाकी. मुलीही बऱ्याच असतात.

हंगाम कोरड्या दिवसांचा, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. पहिली फेरी पाऊस सरल्यावर, दुसरी ऑगस्टच्या पुढे. हेलिकॉप्टर वरून गुरं हुसकावतं, खाली घोडे आणि मोटारसायकली. मग वाड्यांमधून वासरं वेगळी करायची, डागायची, शिंगं कापायची, गोऱ्हे खच्ची करायचे, कानात बिल्ला ठोकायचा. विकायची जनावरं रोड ट्रेनमध्ये, म्हणजे अनेक डबे जोडलेल्या लांबलचक ट्रकमध्ये, चढतात. काही डार्विन बंदरातून जिवंत इंडोनेशियाला जातात. दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो आणि दहा-बारा तास चालतो. स्टेशन मोठं असेल तर आठवडाभर कॅम्पवरच झोपायचं, उघड्यावर, 'स्वॅग' नावाच्या जाड गुंडाळीत.

ती गुरं पाहून आपला माणूस चकतो, कारण त्यांना वशिंड असतं. उत्तर ऑस्ट्रेलियात 'ब्राह्मन' नावाच्या जातीची गुरं सर्वाधिक. ही जात अमेरिकेत गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली यांच्या संकरातून तयार झाली आणि १९३३मध्ये ऑस्ट्रेलियात आली. ओळख मात्र दिसण्यापुरतीच. दावणीला बांधलेल्या, हाक मारली की मान वळवणाऱ्या गाईचा अनुभव इथे जवळपास निरुपयोगी आहे. ही जनावरं वर्षातून दोनदा माणूस पाहतात आणि दोन्ही वेळा त्याच्याबद्दल त्यांचं मत वाईटच होतं.

कंपनीचा फायदा असा की कागद चोख असतात: पगाराची पावती, भविष्यनिधी, पहिल्या दिवसांचं प्रशिक्षण. सोबत वयाची माणसं. तोटा असा की तुम्ही वीस अर्जांतले एक असता, आणि घोड्यावर बसणारी स्थानिक मुलं आधी घेतली जातात. भरती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होते. जूनमध्ये अर्ज केलात तर कुणी मध्येच सोडून गेलं असेल तरच जागा. 'घोड्यावर बसता येतं' अशी थाप मारू नका. दुसऱ्या दिवशी पहाटे हातात लगाम देतात आणि ते घोडे महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवरचे नसतात. त्यापेक्षा गिअरची गाडी येते हे ठळक सांगा. तिकडच्या शहरी मुलांना बरेचदा फक्त ऑटोमॅटिक येते, आणि स्टेशनची लँड क्रूझर बहुधा गिअरचीच असते. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून घ्या.

कुटुंबाचं स्टेशन: सगळं एका घरावर

लाँगरीच, विंटन, क्लॉनकरी या पट्ट्यात घरचीच स्टेशनं जास्त. इथे मालक, मालकीण, कदाचित मुलगा आणि एक-दोन कामगार. घोड्याची अट सैल, कारण वर्षाचा बराच भाग 'बोअर रन'मध्ये जातो: गाडीतून एकेका बोअरवर जायचं, पंप, टाकी, हौद पाहायचे, फुटलेला पाइप जोडायचा, वाटेतलं कुंपण ओढायचं. मैदानाखाली ग्रेट आर्टेशियन बेसिनचं पाणी आहे म्हणून हा धंदा आहे. नोव्हेंबरच्या उन्हात एक हौद कोरडा पडला आणि दोन-तीन दिवस कुणी फिरकलं नाही, तर तिथली गुरं मरतात. म्हणून या कंटाळवाण्या दिसणाऱ्या कामाला मालक सर्वांत जास्त जपतो. पंप खोलून बसवता येणारा, वेल्डिंग जमणारा शेतकऱ्याचा मुलगा इथे बी.एस्सी.च्या गुणपत्रिकेपेक्षा लवकर निवडला जातो.

जेवण त्यांच्याच टेबलावर, त्यामुळे घर चांगलं असेल तर काम लवकर शिकाल आणि माणसं जोडाल. घर वाईट असेल तर पळायला जागा नाही. दोन कामगारांतला दुसरा गप्प बसणारा निघाला, तर संध्याकाळी बोलायला फक्त मालकाचा कुत्रा. हे विनोदाने लिहिलं असलं तरी सोडून येणारे बहुतेक जण कष्टाने नाही, या एकटेपणाने सोडतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांनी याचा विचार आधी करावा. आता बहुतेक ठिकाणी उपग्रहाचं इंटरनेट असतं. नसेल तर त्या जागेला सरळ नाही म्हणा.

आजारपणाची व्यवस्था मात्र दोन्हीकडे चांगली आहे. रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस १९२८मध्ये क्लॉनकरीतूनच सुरू झाली. दूरच्या स्टेशनांवर त्यांची औषधपेटी असते. औषधांना क्रमांक दिलेले असतात आणि डॉक्टर फोनवरून अमुक क्रमांकाचं घ्या म्हणून सांगतात. गंभीर असेल तर विमान येतं.

न्यूझीलंड: गाव जवळ, पहाट लवकर

हे दूरच्या रँचचं काम नव्हे, पण विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना खरं तर हेच हवं असतं. वायकाटो, कँटरबरी, साउथलँड हे डेअरीचे प्रदेश. सरासरी कळप चारशेहून अधिक गाईंचा. पहिली धार पहाटे साडेचार-पाचला, यंत्राने, मग कुरण बदलणं, वासरांना पाजणं, शेड धुणं, दुपारी दुसरी धार. हंगाम १ जूनला सुरू होतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये गाई वितात. थंडी, पाऊस आणि गुडघाभर चिखलातले ते दोन महिने सर्वांत कठीण. गोठ्याची सवय इथे उपयोगी पडते, सड पाहून दगडी (कासेचा आजार) ओळखणाऱ्याला किंमत आहे. गाव बरेचदा पंधरा-वीस मिनिटांवर, किराणा आणि डॉक्टर हाताशी. पंजाबी कामगार आणि आता मालकही या धंद्यात आहेत. चिकाटीने हर्ड मॅनेजर, पुढे शेअरमिल्कर (दुधाच्या उत्पन्नात वाटा घेऊन फार्म चालवणारा) होण्याची शिडी इथे दिसते. ऑस्ट्रेलियन कॅम्पमध्ये पाहुण्या कामगाराला तशी शिडी क्वचितच असते.

पैसे

जुलै २०२५मध्ये ऑस्ट्रेलियाचं किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं, आठवड्याच्या ३८ तासांचे ९४८. एप्रिल २०२५मध्ये न्यूझीलंडचं तासाला २३.५० न्यूझीलंड डॉलर झालं होतं. स्टेशनवर पगार बरेचदा 'विथ कीप', म्हणजे राहण्या-खाण्याचे धरून, सांगतात. पास्टोरल अवॉर्डमध्ये, म्हणजे या धंद्याच्या सरकारी वेतन-नियमांत, त्याचा दर वेगळा असतो. रोजाने किंवा वर्षाने ठरवलेला आकडा ऐकलात तर खरे तास विचारून भागाकार करा. ऑस्ट्रेलियात या व्हिसावर पहिल्या ४५,००० डॉलरपर्यंत १५ टक्के कर जातो. भविष्यनिधीत मालक १२ टक्के भरतो, पण देश सोडताना तो काढला की त्यातले ६५ टक्के सरकार घेतं, तेव्हा त्यावर घरची गणितं मांडू नका. शिल्लक मात्र स्टेशनवर जास्त राहते, कारण खर्च करायला दुकानच नसतं.

मजुरीबद्दल विचारायला लाजू नका, कारण या धंद्याचा इतिहासच त्या प्रश्नाचा आहे. उत्तरेतली स्टेशनं अनेक दशकं आदिवासी स्टॉकमननी पीठ, चहा, साखरेवर चालवली. ऑगस्ट १९६६मध्ये वेव्ह हिल स्टेशनवर व्हिन्सेंट लिंगियारींच्या नेतृत्वाखाली गुरिंजी जमातीचे कामगार उठून चालू पडले, तो संप मजुरीवरून जमिनीपर्यंत गेला आणि १९७५मध्ये पंतप्रधान व्हिटलम यांनी तिथली माती लिंगियारींच्या हातात ठेवली.

ताटातलं आणि रक्तातलं

हे कुणी आधी सांगत नाही म्हणून स्पष्ट लिहितो. स्टेशनवर स्वतःचं जनावर कापतात आणि नाश्त्यापासून रात्रीपर्यंत गोमांसच असतं. शाकाहारी राहता येतं, पण स्वयंपाकी कधी हसेल, कधी वैतागेल. डाळ, तांदूळ, मसाला शहरातून सोबत न्या. खाणं टाळता येईल, काम टाळता येणार नाही. कापायला न्यायच्या जनावराला वाड्यात आणणं तुमच्याच वाट्याला येऊ शकतं. मनाला हे नको असेल तर डेअरी बरी, तरी तिथेही नर वासरं लहानपणीच कत्तलखान्यात जातात.

ऑस्ट्रेलियात गुरांत काम करायचं तर क्यू फीव्हरची (गुरांपासून माणसाला होणाऱ्या तापाची) लस घ्या. आधी रक्ताची आणि त्वचेची चाचणी होते आणि त्वचेचा निकाल यायला आठवडा लागतो, म्हणून शहरात उतरल्याबरोबर ते उरका. न्यूझीलंडच्या डेअरीत लेप्टोस्पायरोसिसचा धोका, म्हणून हातातली जखम झाकून धार.

एजंट आणि इतर देश

कॅनडाच्या वर्किंग हॉलिडे योजनेत भारत नाही. तिथल्या फार्मवर जायला मालकाचं एलएमआयए (परदेशी कामगार घेण्याची सरकारी मंजुरी) लागतं, आणि त्याचं शुल्क कामगाराकडून घेणं बेकायदा आहे. पंधरा-वीस लाखांना 'एलएमआयए जॉब' विकणारा म्हणूनच टाळावा. ऑस्ट्रेलियाच्या 'पाम' योजनेतून फार्मवर पाठवतो म्हणणारा तर सरळ खोटं बोलतो. ती पॅसिफिक बेटं आणि तिमोर-लेस्तेसाठी आहे. भारतातल्या भरती एजंटला १९८३च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदणी लागते आणि तो ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेऊ शकतो. ४६२च्या सोडतीत एजंट काहीही करू शकत नाही.

आता माझं मत. पंचविशीतला, अविवाहित, हाताने काम करणारा असाल आणि सोडतीत नाव निघालं, तर पहिले काही महिने कुटुंबाच्या स्टेशनवर काढा, तिथे घोडा आणि कुंपण शिका, एखाद्याचं शिफारसपत्र घ्या, आणि पुढच्या हंगामासाठी नोव्हेंबरमध्ये कंपन्यांकडे अर्ज करा. थेट कंपनीत जागा मिळाली तर सोडू नका, ती अधिक सुरक्षित. लग्न झालेलं असेल, वय बत्तीस-तेहतीस असेल, गोठ्याचा कागदोपत्री अनुभव असेल तर न्यूझीलंड. बी.व्ही.एस्सी. झालेल्यांनी लक्षात घ्यावं की ऑस्ट्रेलियन परीक्षा दिल्याशिवाय तिथे तुम्ही पशुवैद्य नाही, स्टेशन हँडच. गाभण तपासणीला हात देऊ केलात तर मालक खूश होईल, पण पगार रिंगरचाच.

फोनवर मुलाखत होईल तेव्हा पोस्टकोड, तास, पगाराची पावती, इंटरनेट एवढं विचाराच. पावसाळ्यात रस्ता किती दिवस बंद राहतो आणि त्या दिवसांचा पगार मिळतो का, हेही विचारा. आधीच्या हंगामात तिथे काम केलेल्या एखाद्याचा नंबर मागा. मालक नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर पुढच्या स्टेशनला फोन लावा.