नऊ महिने वापरलेला नवशिक्यांचा फ्लूट, आणि एक जी-शार्पचा पॅड

मागच्या महिन्यात हा फ्लूट विकायला काढणार होते. एफच्या खालचे स्वर येईनातच, ई-डी-सी धरले की नुसती हवा, आणि दोन महिने मी समजत राहिले की माझीच फुंक कमी पडतेय. रोज अर्धा तास जास्त रियाज केला, ओठ दुखेपर्यंत. फुंकीचा काही संबंधच नव्हता, एक पॅड (कीच्या झाकणाखालची, भोक बंद करणारी मऊ चकती) गळत होता!

फ्लूट म्हणजे धातूचा, कीवाला, आडवा. मधे भोक नसलेल्या की, सी फूट (खालच्या सीपर्यंत जाणारा शेवटचा तुकडा), ऑफसेट जी (जीची की रांगेतून जरा बाहेर), नवशिक्यांना देतात तोच. निकेल सिल्व्हरवर चांदीचा मुलामा आहे (निकेल सिल्व्हरमध्ये चांदी नसते, तांबं-निकेल-जस्त असतं, त्यामुळे नाव वाचून जास्त पैसे मोजू नका).

पहिले दोन आठवडे फक्त हेडजॉइंट (फुंकायचं भोक असलेला वरचा तुकडा) फुंकला आणि ते फार बरं झालं. सुरुवातीला चक्कर येते, कारण अर्धी हवा वाया जाते, तेव्हा जोर वाढवायचा नाही, ओठांमधली फट बारीक करायची. मग बी, ए, जी. उजवी करंगळी जवळजवळ प्रत्येक स्वराला डी-शार्पच्या कीवर दाबलेली हवी, मी महिनाभर विसरत होते. मधल्या डीला डावी तर्जनी उचलायची तेही तसंच. वरचं सप्तक जोरात फुंकून नाही, हवा वेगाने सोडून येतं, हे कळल्यावर एका संध्याकाळी वरचा जी असा स्वच्छ लागला की मी तोच वीस वेळा वाजवला.

आता मुद्द्याचं. चौथ्या महिन्यात जी-शार्पची की दाबली की चट्‌ असा आवाज यायला लागला. ही की न दाबता बंदच असते, त्यामुळे ओल लागली की पॅड भोकाच्या कडेला चिकटतो. जर्मन फ्लूट-कारागीर थिओबाल्ड बोमने 1847 मध्ये आजच्या घडणीचा फ्लूट केला तेव्हा त्याला जी-शार्प उघडाच हवा होता, पण वादकांना जुनी बोटं सोडवेनात म्हणून बंद की रूढ झाली. त्यामुळे मागे एक जादा भोक आलं, तिसऱ्या सप्तकातला ई अवघड झाला, आणि त्यासाठी पुन्हा काही फ्लूटना स्प्लिट-ईची यंत्रणा जोडावी लागली. या एका कीवर माझा खरंच राग आहे.

तर चट्‌ आवाजावर उपाय म्हणून मी गोंद नसलेला सिगारेटचा कागद पॅडखाली ठेवला, दाबला, आणि दाबलेला असतानाच ओढून काढला. इथेच चुकलं. पॅड म्हणजे फेल्टची चकती आणि वर अगदी पातळ पापुद्रा, तो कडेला फाटला. कागद दाबायचा, मग की उघडायची, मगच कागद काढायचा, हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

गळती सापडली ती बहिणीमुळे. मी खालचा डी धरला आणि तिला माझी बोटं नसलेल्या कींच्या टोप्या (भोकांवरची झाकणं) एकेक करून हलकेच दाबायला सांगितल्या. जी-शार्पवर तिचं बोट पडलं आणि डी भरून वाजला. मला रडूच आलं.

दुरुस्तीवाला म्हणाला सगळे पॅड बदला. अर्ध्या फ्लूटएवढा खर्च! बाकीचे पॅड धड असताना का म्हणून? बराच वाद घातल्यावर त्याने एकच बदलला, आणि तेवढ्यानेच काम झालं.

आधी या फ्लूटला पाचपैकी दोन देणार होते, आता चार. एक मी कापतेच, कारण पेटीत पुसायचं फडकं ठेवायची जागा फ्लूटला खेटूनच दिलीय, ओलं फडकं तिथे राहिलं की ती ओल पॅडना लागणारच. मी आता फडकं पेटीबाहेर ठेवते, वाजवायच्या आधी चूळ भरते म्हणजे गोडाचा चिकटपणा आत जात नाही, आणि जोडताना कींना धरून पिळत नाही. पुसायची सळई हेडजॉइंटमध्ये घालून तिच्यावरची खूण फुंकायच्या भोकाच्या मधोमध दिसतेय का तेही बघते, म्हणजे हेडजॉइंटच्या बंद टोकातला कॉर्क भोकाच्या मध्यापासून 17 मिलिमीटरवर आहे हे कळतं. माझा हललेला नव्हता.

वापरलेला घेणार असाल तर विकणाऱ्यासमोर खालचा डी हळू आवाजात वाजवून मागा, त्याने स्वतः वाजवलेला. त्याच्याकडूनही हवाच आली तर घेऊ नका, किंमत कितीही उतरवली तरी. पॅड बदलून सहा आठवडे झालेत, माझा डी रोज येतोय. खालचा सी दहातून सहा वेळा.