येऊर की तुंगारेश्वर?

ठाणेकर सायकलस्वाराला जंगलातला चढ हवा असेल, तर येऊर अगदी उंबरठ्यावर आहे. उपवन तलावाकडून वर चढू लागले की थोड्याच वेळात शहर मागे पडते आणि सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची पूर्वेकडची बाजू सुरू होते. मात्र येऊरचा मुख्य रस्ता डांबरी आहे. ग्रॅव्हल सायकलचे, म्हणजे खडी-मातीच्या वाटांसाठी बनवलेल्या सायकलचे, जाड टायर तेथे ओझेच ठरतात. कच्च्या पायवाटा खुणावत असल्या, तरी वनक्षेत्रात परवानगीशिवाय शिरता येत नाही आणि बिबट्यांचा वावर पाहता अंधारात तो मोह आवरलेलाच बरा.

खरी खडी तुडवायची असेल, तर तुंगारेश्वर गाठावे. घोडबंदर रस्त्याने जाऊन वसईची खाडी ओलांडली की महामार्गाच्या पूर्वेला या अभयारण्याचा फाटा लागतो. मंदिराकडे जाणारी वाट दगडगोट्यांची असून ती वारंवार ओढे ओलांडते, त्यामुळे किमान ४० मिलिमीटर रुंदीचे, हवा थोडी कमी ठेवलेले टायर येथे सार्थकी लागतात. मंदिराच्या पुढचा चढ तर मांड्यांची कसोटी पाहतो. पावसाळ्यात ओढे फुगतात, तेव्हा सायकल खांद्यावर घेण्याचा हट्टही करू नये. अडचण आहे ती तिथवर पोहोचण्याचीच : गायमुख घाटातील अवजड वाहनांची रांग जंगलापेक्षा अधिक भीतिदायक वाटते.

म्हणूनच कामाच्या दिवशी सकाळी मी येऊरला जातो आणि हिवाळ्यातला रविवार तुंगारेश्वरसाठी राखून ठेवतो.