इनडिझाइनची नवी आवृत्ती: जुन्या फाइली आणि जुने फॉन्ट घेऊन येणाऱ्यांसाठी परीक्षण

इनडिझाइन म्हणजे छपाईसाठी पानं लावण्याचं ॲडोबीचं सॉफ्टवेअर. निकाल आधीच सांगतो. तुमचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण संकेतपद्धतीत असेल, तर इनडिझाइनची चालू आवृत्ती बिनधास्त घ्या. मजकूर अजून जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल, तर आधी फॉन्टचं काय करायचं ते ठरवा आणि मगच सॉफ्टवेअरकडे वळा. अपग्रेड फसतं ते बहुतेक वेळा प्रोग्रॅममुळे नाही, तर त्यात ओतलेल्या जुन्या मालामुळे.

आधी पेजमेकरच्या फाइली. पेजमेकर हे पानं लावण्याचं ॲडोबीचं जुनं सॉफ्टवेअर, आणि ७.० ही त्याची २००१ सालची आवृत्ती. तिच्यापुढे पेजमेकर सरकलाच नाही; ॲडोबीनं १९९९ मध्ये आणलेल्या इनडिझाइनवर सगळा जोर लावला. पेजमेकरच्या ६.० पासून ७ पर्यंतच्या फाइली इनडिझाइन उघडायचं, पण फक्त सीएस६ पर्यंत. २०१३ मध्ये वर्गणीवाली सीसी आवृत्ती आली आणि ती वाट बंद झाली. म्हणजे पेजमेकरवरून थेट आजच्या आवृत्तीत उडी मारता येत नाही, मध्ये सीएस६ किंवा त्याआधीची एखादी आवृत्ती लागते. ती असलेलं यंत्र हाताशी असेल तर मोडीत काढू नका. आधी पेजमेकरमध्येच फाइल ‘सेव्ह ॲज’नं नव्या नावानं ठेवा, त्यानं आतला साचलेला कचरा निघतो. मग ती सीएस६ मध्ये उघडा, आयडीएमएल (इनडिझाइनच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत उघडणारं फाइलीचं रूप) काढा आणि ते नव्या इनडिझाइनमध्ये उघडा. सीएस६ नसेल तर लिब्रेऑफिसचा ‘ड्रॉ’ पेजमेकरच्या फाइली उघडतो. मांडणी जशीच्या तशी मिळेल अशी आशा ठेवू नका, पण मजकूर आणि चित्रांच्या जागा कळतात. अडलेल्या वेळी तेवढंही पुष्कळ असतं.

पेजमेकरमधून आलेल्या फाइलीत पहिली खटकणारी गोष्ट म्हणजे गुलाबी पट्टे. फॉन्ट यंत्रावर असूनही काही शब्दांमागे गुलाबी रंग दिसतो. कारण साधं आहे. पेजमेकरमध्ये ‘बोल्ड’ दाबलं की फॉन्टचा ठळक प्रकार नसतानाही अक्षर फुगवून दाखवलं जायचं. इनडिझाइन असा खोटा ठळकपणा देत नाही. ठळक फॉन्टची वेगळी फाइल नसेल तर तो फॉन्टच गायब आहे असं ते धरतं. ‘फाइंड फॉन्ट’मध्ये जाऊन ते शब्द खऱ्या ठळक फॉन्टवर न्या. अक्षराला बाहेरून रेघ देऊन जाड करण्याची पळवाट टाळा, छोट्या टायपात जोडाक्षरांची पोटं बुजतात.

जुना फॉन्ट तसाच ठेवून काम चालू ठेवायचं असेल, तर एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते: इनडिझाइनच्या लेखी तो मजकूर मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ आहे. त्यातून तीन दुखणी उद्भवतात. इंग्रजीचे शब्दतोडीचे नियम लागू होतात आणि शब्द भलत्याच ठिकाणी, कधी काना एका ओळीत तर अक्षर दुसऱ्या ओळीत, असा तुटतो. ‘टायपोग्राफर्स कोट्स’ चालू असेल तर साध्या अवतरणचिन्हाच्या जागी वळणदार चिन्ह बसतं, आणि जुन्या फॉन्टमध्ये त्या जागेवर एखादं अर्धं अक्षर असेल तर शब्दच बदलतो. तिसरं म्हणजे ‘चेंज केस’ किंवा ‘ऑल कॅप्स’. चुकून लागलं की अख्ख्या परिच्छेदाची भेळ होते. उपाय असा: त्या शैलीला भाषा ‘नो लँग्वेज’ द्या, हायफनेशन (शब्दतोड) बंद करा, प्रेफरन्सेसच्या ‘टाइप’ भागातली कोट्सची खूण काढा आणि वर्डची फाइल आत घेतानाही ‘शो इम्पोर्ट ऑप्शन्स’मधली तीच खूण काढायला विसरू नका. ही दुसरी खूण हमखास राहून जाते.

युनिकोडवर यायचं ठरलं तर रूपांतर एका बटणाचं काम आहे यावर विश्वास ठेवू नका. जुने फॉन्ट अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवतात, युनिकोड उच्चाराच्या क्रमानं. ‘कि’ लिहिताना जुन्या पद्धतीत वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये क आधी. ‘कर्म’मधला रफार जुन्यात म-नंतर येतो, युनिकोडमध्ये र आणि हलन्त म-च्या आधी. साधी उदाहरणं कुठलाही कन्व्हर्टर सांभाळतो. गोंधळ होतो तो जोडचिन्हांत. अनेक जुन्या फॉन्टांत दीर्घ वेलांटी आणि रफार, किंवा रफार आणि अनुस्वार, यांचं मिळून एकच चिन्ह असे. कन्व्हर्टरच्या तक्त्यात ते नसलं तर रफार गळतो किंवा शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो.

तपासणीची पाळी पुढे येतेच, तेव्हा काय शोधायचं ते आधी ठरवलेलं बरं. अर्ध्या र-ची दोन रूपं: ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. दुसऱ्यासाठी युनिकोडमध्ये नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त लागतो. कन्व्हर्टर सरसकट साधा र टाकत असेल तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो आणि शुद्धलेखन तपासणी त्यावर बोट ठेवत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. मग ‘ॲ’. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी बनलेल्या फॉन्टमध्ये ते नसतं, त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. काही मजकुरात अ-वर चंद्र लावून तेच दाखवलेलं असतं. दिसायला सारखं, पण शोध घेताना दोन वेगळे शब्द ठरतात. फाइंड-चेंजनं सगळीकडे एकच रूप करून घ्या. शिवाय मजकुरात मधेमधे आलेली खरी इंग्रजी नावं आणि आकडे. फॉन्ट न पाहता रूपांतर केलं तर त्यांचंही देवनागरी कडबोळं होतं. म्हणून रूपांतराआधी ‘फाइंड-चेंज’मध्ये इंग्रजी फॉन्ट शोधा, त्या सगळ्या मजकुराला एक कॅरेक्टर स्टाइल लावा, आणि फॉन्ट ओळखून फक्त जुन्या फॉन्टचा भाग बदलणारा कन्व्हर्टर वापरा.

आता इनडिझाइनमधली ती एक सेटिंग, जिच्यापायी अनेकांनी ‘यात मराठी चालत नाही’ असा शिक्का मारला. परिच्छेद जुळवणाऱ्या इंजिनाला इथे कंपोझर म्हणतात. साधा ‘ॲडोबी पॅराग्राफ कंपोझर’ देवनागरी जोडत नाही: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते, हलन्त उघडे दिसतात, जोडाक्षरं फुटतात. हवा असतो ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’. परिच्छेदाच्या पॅनलमधून तो निवडता येतो, पण पानापानावर निवडत बसू नका. पॅराग्राफ स्टाइलच्या ‘जस्टिफिकेशन’ भागात कंपोझरची यादी आहे; ज्या मूळ शैलीवर बाकीच्या बेतल्या आहेत तिथेच बदल करा. तरी एखाद्या चौकटीतली अक्षरं फुटकी दिसली, तर तिथला मजकूर वर्डमधून स्वतःची शैली घेऊन आलाय असं समजा. कुठलाही दस्तऐवज उघडा नसताना हीच सेटिंग केली तर पुढच्या प्रत्येक नव्या फाइलीला ती आपोआप लागते.

त्याच जस्टिफिकेशनच्या खिडकीत ‘लेटर स्पेसिंग’चे तिन्ही आकडे शून्य ठेवा. ट्रॅकिंगही (निवडलेल्या मजकुरातल्या अक्षरांमधली जागा) शून्य. अक्षरांत जागा सोडली की शिरोरेषा तुटते, ओढून घेतली की मात्रा एकमेकांवर चढतात. ओळ भरायची ती शब्दांमधल्या जागेतून. शब्दांमधल्या जागेचे मूळचे ८०, १०० आणि १३३ टक्के (किमान, हवी ती आणि कमाल) अरुंद स्तंभात कमी पडतात, वरची मर्यादा थोडी वाढवून पाहा. भाषा ‘मराठी’ द्या. त्यानं शब्दकोश तर बदलतोच, शिवाय फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श यांची मराठी वळणं मिळतात. हिंदी ठेवलं तर हिंदीची मिळतील.

टायपाचा आकारही जसाच्या तसा उचलू नका. जुने फॉन्ट त्याच पॉइंटात बहुधा बारीक दिसतात, त्यामुळे १६ पॉइंटचा मजकूर युनिकोड फॉन्टमध्ये त्याच आकारात ठेवला तर पुस्तक फुगतं. आधी एक पान दोन-तीन आकारांत छापून जुन्या छापील पानाशेजारी ठेवून ठरवा. आणि फॉन्ट बदलल्यावर चौकटीतली पहिली ओळ खाली सरकलेली दिसली तर लीडिंगला (ओळींमधल्या अंतराला) हात लावू नका. चौकटीच्या ‘टेक्स्ट फ्रेम ऑप्शन्स’मध्ये ‘फर्स्ट बेसलाइन’ मूळचं ‘असेंट’वर असतं, म्हणजे फॉन्टच्या उंचीवर अवलंबून. ते ‘लीडिंग’ किंवा ‘फिक्स्ड’ केलं की फॉन्ट कोणताही असो, पहिली ओळ जागची हलत नाही.

इनडिझाइनच्याच जुन्या आवृत्तीवरून नवीवर येणाऱ्यांचं काम यामानानं सोपं. एकच फसवी गोष्ट आहे. जुनी फाइल उघडली की शीर्षकपट्टीत ‘कन्व्हर्टेड’ दिसतं आणि पानं अगदी होती तशी दिसतात. पण मजकूर नव्या नियमांनी पुन्हा जुळवला जातो तो त्याला हात लागल्यावर. म्हणून आज बरोबर दिसणारं प्रकरण उद्या एका ठिकाणी काना दुरुस्त करताच दोन ओळी पुढे पळतं. उघडल्या उघडल्या कंट्रोल, ऑल्ट आणि स्लॅश एकत्र दाबून सगळा मजकूर एकदाच जुळवून घ्या. मग पीडीएफ काढा आणि जुन्या आवृत्तीत काढलेल्या पीडीएफशी ॲक्रोबॅटच्या ‘कम्पेअर फाइल्स’नं ताडून पाहा. चालू असलेलं काम मात्र मधेच नव्या आवृत्तीत नेऊ नका. परत येण्याचा रस्ता फक्त आयडीएमएलचा, तोही सीएस४ आणि पुढे, आणि नव्या सोयी वापरल्या असतील तर त्या वाटेत गळतात.

छपाईकडे जाताना दोन गोष्टी. वर्डमधून आलेला काळा मजकूर पुष्कळदा आरजीबी काळा, म्हणजे पडद्यासाठीच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीतला असतो. स्वॉचेसमध्ये (फाइलीतल्या रंगांच्या यादीत) ‘वर्ड_आर०_जी०_बी०’ असं नाव दिसलं की ओळखा. तो तसाच गेला तर बारीक मजकूर चारही प्लेटांवर उमटतो आणि कागद केसभर सरकला तरी अक्षरांना रंगीत कडा येतात. तो स्वॉच काढून टाका, बदली म्हणून मूळ ‘ब्लॅक’ द्या. दुसरी गोष्ट टाइप १ या जुन्या प्रकारच्या फॉन्टची. जानेवारी २०२३ पासून ॲडोबीनं त्यांचा आधार काढून घेतला, नव्या इनडिझाइनला ते यंत्रावर असूनही दिसत नाहीत. पीडीएफमध्ये आधीच एम्बेड झालेले (फाइलीच्या आत बसवलेले) टाइप १ मात्र पूर्वीसारखेच छापले जातात, त्यामुळे जुन्या तयार पीडीएफची काळजी नको.

पर्यायांचं म्हणाल तर मराठीसाठी यादी छोटी होते. स्क्रायबस फुकट आहे, आणि १.५.३ पासून देवनागरी जोडतं. जानेवारी २०२४ मध्ये १.६.० ही स्थिर आवृत्ती आली. एकरंगी पुस्तकाला पुरेसं, पण लांबलचक दस्तऐवजात संथ, आणि तक्ते लावायचे तर जीव मेटाकुटीला येतो. ॲफिनिटी पब्लिशर इंग्रजी कामाला झकास आहे आणि आयडीएमएलही उघडतं, पण त्याच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत देवनागरीची जोडाक्षरं नीट होत नाहीत. मराठी पानांसाठी त्या दोन्ही बाद.

बसवताना क्रिएटिव्ह क्लाउडच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘रिमूव्ह ओल्ड व्हर्जन्स’ची खूण काढा, नाहीतर नवी येताच जुनी पुसली जाते. ‘इम्पोर्ट प्रीव्हियस सेटिंग्ज’ ठेवा, पण प्रोग्रॅम विचित्र वागू लागला तर पहिला संशय त्याच आयात सेटिंग्जवर घ्या. सुरू होताना कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट धरून ठेवलं की त्या मूळपदावर येतात. आपोआप अपडेट बंद. प्लग-इन (बाहेरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) प्रत्येक मोठ्या आवृत्तीसाठी नव्यानं लागतात, ते मिळेपर्यंत जुनी आवृत्ती कामाची. जुन्या स्क्रिप्ट (ठरावीक कामं आपोआप करणाऱ्या सूचनांच्या फाइली) अडल्या तर स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये ‘व्हर्जन ६.० स्क्रिप्ट्स’ अशा इंग्रजी नावाचं उपफोल्डर करून त्यात टाका, त्या आवृत्तीच्या नियमांनी त्या चालतात.

एक उणीव मात्र कुठल्याही सेटिंगनं जात नाही. वर्गणी थांबली की प्रोग्रॅम थांबतो आणि फाइली असूनही उघडत नाहीत. तेव्हा काम संपलं की ‘पॅकेज’ करा आणि त्याच खिडकीत आयडीएमएल आणि पीडीएफ या दोन्ही खुणा करा. सोबत तयार होणारं ‘डॉक्युमेंट फॉन्ट्स’ हे फोल्डर फाइलीशेजारीच राहू द्या. दुसऱ्या यंत्रावर फाइल उघडताना त्यातले फॉन्ट इनडिझाइन स्वतःच उचलतं.