अख्ख्या जर्मनीचा पास : दीड वर्षाचा अनुभव

‘पास’ हा शब्द मी बोलायला लागले तेव्हापासून घरात ऐकतेय. बाबा एकवीस वर्षं मिरज-कोल्हापूर पॅसेंजरने नोकरीला जात होते. महिन्याचा पास प्लास्टिकच्या पाकिटात आणि पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात. पास संपायची तारीख आईलाही पाठ असायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये मी एमएस्सी करायला आखेनला आले. सेमेस्टरची फी भरल्यावर मोबाइलवर तिकीट आलं आणि मी लगेच घरी फोन केला, “बाबा, मला पास मिळाला. अख्ख्या जर्मनीचा!”

बाबांचा पहिला प्रश्न, “एक्स्प्रेसला चालतो का?”

नाही चालत. या तिकिटाबद्दल सगळ्यात आधी हेच समजून घ्यायला हवं. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या सोडून द्यायच्या. आरई, आरबी, एस-बान, यू-बान, ट्राम आणि शहरातल्या बस यांत दुसऱ्या वर्गात कितीही वेळा, कुठूनही कुठेही बसा. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पॅसेंजर, लोकल, मेट्रो आणि सिटी बस. उत्तरेला समुद्रापर्यंत जा, दक्षिणेला सीमा ओलांडून ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनात उतरा, तिकीट तेच.

आता पैशांचं. १ मे २०२३ ला डॉइचलँडटिकेट, म्हणजे हा अख्ख्या जर्मनीचा पास, सुरू झालं तेव्हा ते महिन्याला ४९ युरो होतं. जानेवारी २०२५ मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३ आहे. त्याचंच विद्यार्थ्यांसाठीचं रूप म्हणजे माझं सेमेस्टर तिकीट, ते याच्या साठ टक्के भावात मिळतं. मी आले तेव्हा महिन्याला २९ युरो ४० सेंट पडत होते, २०२६ च्या उन्हाळी सेमेस्टरला ३७ युरो ८० सेंट, म्हणजे सहा महिन्यांचे २२६ युरो ८० सेंट. ते फीमध्येच धरलेलं असतं, मला नको म्हणायची सोय नाही. सगळ्या विद्यापीठांत मात्र ही योजना नाही. प्रवेश पक्का करण्याआधी ईमेल करून विचाराच. तिकीट नसेल तर राहण्याच्या खर्चाचा हिशेबच बदलतो.

हा हिशेब किती जवळचा असतो ते इथे आल्यावर कळतं. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो सुटतात. त्यातून खोलीचं भाडं, आरोग्य विमा, किराणा. पहिले दोन महिने मी प्रत्येक युरोचे रुपये करत होते आणि आकडा मोठा दिसला की वस्तू परत ठेवत होते. आखेनहून कोलोनला एकदा जायचं तर सुटं तिकीट वीसेक युरोंचं. पास नसता तर ज्वारीच्या पिठासाठी मी कोलोनला गेले असते का? शक्यच नव्हतं. पास होता म्हणून गेले. आरई १ ने तासाभरात पोचले, भारतीय दुकानातून ज्वारीचं पीठ, काळा मसाला आणि शेंगदाणे घेतले, स्टेशनला लागूनच असलेल्या कथीड्रलच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसले. १५७ मीटर उंच आहे ते. मान मागे टाकून बघताना पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. त्या रात्री खोलीवर भाकरी केली. पहिली करपली, दुसरी फुगली. आल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मला बरं वाटलं. घरापासून लांब आलेल्या मुलामुलींना हा पास काय देतो, हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर पडायला कारण लागत नाही. परवडेल की नाही हा विचार न करता शनिवारी सकाळी स्टेशनवर जाता येतं. नोव्हेंबरमध्ये साडेचारला अंधार पडायला लागतो तेव्हा याची फार गरज असते.

माझी सगळ्यात आवडती गाडी आरबी २६. कोलोनहून ऱ्हाइन नदीच्या काठाकाठाने माइन्झपर्यंत जाते, तीन तासांच्या जवळपास लागतात. फ्रँकफर्टकडे जाणारी आयसीई नवीन मार्गाने डोंगरांतून सुसाट निघून जाते, तिला ही नदी दिसतच नाही. कोलोनहून निघताना डाव्या हाताची खिडकी धरा, नदी त्याच बाजूला आहे. कोब्लेन्झपर्यंत डबा भरलेला असतो, तिथे मोझेल नदी येऊन मिळते आणि बरीच माणसंही उतरतात. पुढचा माइन्झपर्यंतचा पट्टा मी आतापर्यंत सात वेळा पाहिलाय. दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात. उतारावर द्राक्षवेली इतक्या उभ्या लावलेल्या की तिथे माणूस उभा तरी कसा राहत असेल, असं वाटतं. सांगली-तासगावच्या सपाट बागा पाहिलेल्या माझ्या डोळ्यांना ते अजूनही नवलाचं आहे. मालाने भरलेल्या लांबलचक बोटी प्रवाहाविरुद्ध अगदी सावकाश वर जात असतात. बोटीच्या मागच्या भागावर कुटुंबाची मोटार उभी, खिडकीला पडदे. आणि पलीकडच्या काठावर पांढऱ्या पाट्या, त्यांवर मोठ्या काळ्या आकड्यांत नदीचे किलोमीटर लिहिलेले. लोरेलाईचा १३२ मीटरचा कडा येतो तिथे ५५४.

तक्रारीही आहेत आणि त्या लपवणार नाही.

गाड्यांना उशीर होतो. थोडाथोडका नाही आणि क्वचितही नाही. लांबच्या प्रवासात तीन-चार ठिकाणी गाडी बदलावी लागते. पहिलीला वीस मिनिटं उशीर झाला की पुढची गेलीच समजा. एकदा माइन्झहून परतताना कोब्लेन्झला पुढची गाडी अशीच चुकली. तिथल्या थंड फलाटावर तास काढला. पुढे कोलोनलाही तेच झालं. खोलीवर पोचले तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते आणि सकाळी नऊला लॅब होती. एक तास उशिराची भरपाई या तिकिटावर दीड युरो. चार युरोंपेक्षा कमी रक्कम देत नाहीत, त्यामुळे तीन उशीर साठवून एकदम अर्ज करावा लागतो. नेहमीच्या तिकिटावर उशीर झाला तर वेगवान गाडीत बसायची मुभा मिळते, या पासवर ती नाही. परीक्षा, नोकरीची मुलाखत, व्हिसाच्या ऑफिसातली वेळ असेल तर मी या पासवर दुसऱ्या गावाला जात नाही. आदल्या दिवशी जाते, नाहीतर आयसीईचं तिकीट काढते. इतरांनीही तसंच करावं असं मी मनापासून सांगेन.

दुसरी गोष्ट मोबाइलची. जानेवारीतल्या एका संध्याकाळी फोनची बॅटरी संपली आणि नेमका त्याच डब्यात तपासनीस आला. मी पासपोर्ट दाखवला, विद्यापीठाचं कार्ड दाखवलं, तिकीट खरंच आहे हे मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये परत परत सांगितलं. त्याने शांतपणे ६० युरोंची पावती फाडून हातात दिली. डब्यातली सगळी माणसं बघत होती. तोंड गरम झालं होतं माझं. दुसऱ्या दिवशी त्या रेल्वे कंपनीच्या काउंटरवर जाऊन तिकीट दाखवलं तेव्हा ७ युरो भरून प्रकरण मिटलं. नियमच तसा आहे, स्वतःच्या नावाचा पास नंतर दाखवला की दंड कमी होतो. हे त्या दिवशी कुणीतरी सांगितलं असतं तर रात्रभर जागरण झालं नसतं, म्हणून इथे लिहितेय. पॉवर बँक कायम जवळ ठेवा. स्क्रीनशॉटवर विसंबू नका. पास दुसऱ्याला देता येत नाही आणि ओळखपत्र सोबत लागतंच. सायकल न्यायची असेल तर तिचं तिकीट वेगळं.

आई-वडील भेटायला येणार असतील तर आणखी एक. त्यांना विद्यार्थ्यांचा दर नाही, पूर्ण पैशांचं डॉइचलँडटिकेट घ्यावं लागतं. ते महिन्याच्या वर्गणीसारखं आहे, आपोआप पुढे चालू राहतं. त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं तरच महिनाअखेर संपतं. मी १ जूनला दोघांचं काढलं आणि २ तारखेलाच रद्द करून टाकलं. तिकीट ३० तारखेपर्यंत चालतंच.

त्यांना घ्यायला फ्रँकफर्ट विमानतळावर मी माझ्या पासवरच गेले होते. येताना माइन्झपर्यंत एस ८ आणि तिथून आरबी २६. एवढ्या लांबच्या प्रवासानंतर आयसीईने नेलं असतं तर दोन तासांत घरी पोचलो असतो, हे मला माहीत होतं. पण आई विमानात झोपून आली होती आणि म्हणाली, “अगं, तू ती नदी नदी करतेस ना, तिकडनंच ने.” या दिशेने नदी उजव्या हाताला. बाबांना खिडकी दिली. मी थर्मासमधून चहा आणला होता, या गाड्यांत खायला-प्यायला काही मिळत नाही. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. अंकलीच्या पुलावरून कृष्णा ओलांडतानाही ते असेच गप्प होतात, लहानपणी मी पाहिलंय. बाखराख गावाच्या पुढे गेल्यावर त्यांनी पलीकडच्या पाटीकडे बोट केलं.

“आकडा वाढत चाललाय. मोजायला कुठनं सुरुवात केलीय?”

“कॉन्स्टान्झपासून. तिथल्या जुन्या पुलाशी शून्य आहे.”

“हा पास तिथं चालतो का?”

चालतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं निघालो. कोलोन, माइन्झ, मग कार्ल्सरूहेत एक रात्र. दुसऱ्या दिवशी ब्लॅक फॉरेस्टमधून जाणारी आरई. हा मार्ग १८७३ मध्ये पूर्ण झालेला, बोगद्यामागून बोगदे. आईने अर्ध्या वाटेत जाहीर केलं की हा खंडाळ्याचा घाटच आहे, फक्त माकडं नाहीत. कॉन्स्टान्झला उतरून पुलावर चालत गेलो. खाली पाणी हिरवं आणि इतकं स्वच्छ की तळाचे दगड दिसत होते. बाबांनी कठड्याला टेकून फोटो काढून घेतला. मग मोबाइल माझ्याकडे दिला आणि म्हणाले, “तिकिटाचापण एक काढून ठेव. जुन्या पासांच्या पाकिटात ठेवतो.”

आखेनला परत आल्यावर कॉपी शॉपमध्ये त्याची प्रिंट काढून दिली.