‘आर’वर आठ महिने: प्रयोगाची आखणी, अ‍ॅनोव्हा आणि माझे 24 ट्रे

स्प्रेडशीटमध्ये सरासरी काढायची, आलेखावर एरर बार चढवायचे आणि फरक डोळ्यांनीच ठरवायचा, ही माझी जुनी पद्धत. आठ महिन्यांपूर्वी प्रयोगांची आखणी आणि विश्लेषण दोन्ही ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत करायला घेतलं. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज-लिनक्स दोन्हीवर चालतं. इन्स्टॉल करणं सोपं. वैताग नंतर सुरू होतो. पहिले तीन आठवडे सुटलेले कंस आणि स्वल्पविराम शोधण्यातच गेले.

प्रयोग साधा होता. चार पोषक द्रावणं, 24 ट्रे, प्रत्येक ट्रेमध्ये 10 रोपं. रॅकच्या सहा कप्प्यांत उजेड कमीजास्त, म्हणून प्रत्येक कप्पा एक ब्लॉक आणि त्यात चारही द्रावणांचा एकेक ट्रे. कप्प्यात कोणता ट्रे कुठे, याच्या चिठ्ठ्या आरकडून काढून घेतल्या. पूर्वी मी ट्रे ‘कसेही’ ठेवायचो. जुने फोटो काढून पाहिले, तर माझं लाडकं द्रावण दर वेळी उजेडाच्या बाजूला! चिठ्ठ्यांचा सीड (ज्या आकड्यापासून आर चिठ्ठ्या काढायला सुरुवात करतं तो) लिहून ठेवला की तीच मांडणी पुन्हा मिळते, पण सोबत आरची आवृत्तीही लिहा. 2019 च्या 3.6.0 पासून चिठ्ठ्या काढायची आतली रीत बदलली आहे. जुन्या लॅपटॉपवर त्याच सीडने वेगळाच क्रम आला, तेव्हा अर्धा दिवस मी स्वतःवरच संशय घेत बसलो.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो नमुना किती घ्यायचा हे ठरवताना. टी-टेस्टसाठी (दोन गटांच्या सरासरींची तुलना), 5 टक्के पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि 80 टक्के पॉवर (असलेला फरक पकडण्याची शक्यता) धरून, एका प्रमाण विचलनाएवढा (मोजमापांच्या नेहमीच्या पसाऱ्याएवढा) फरक पकडायला प्रत्येक गटात 17 लागतात. निम्मा फरक पकडायचा तर 64. हे दोन आकडे पाहून मी आधीचे दोन प्रयोग मनातल्या मनात रद्द केले. गटाला पाच-पाच घेऊन ‘फरक नाही’ असं छातीठोक लिहिलं होतं.

आता चुका. द्रावणांना मी 1, 2, 3, 4 अशी नावं दिली होती. आरने ती संख्याच समजली आणि सरळ रेषा बसवून मोकळं झालं. ना एरर, ना सूचना. अ‍ॅनोव्हाच्या (गटांच्या सरासरींमधला फरक तपासणाऱ्या चाचणीच्या) तक्त्यात द्रावणांसमोर 3 ऐवजी 1 डिग्री ऑफ फ्रीडम (स्वतंत्र तुलनांची संख्या; चार गटांना तीन) दिसली म्हणून शंका आली. फॅक्टर (संख्या नव्हे, गटांची नावं) करून घ्या, नाहीतर सरळ क, ख, ग लिहा.

दुसरी चूक पूर्णपणे माझी, आणि मोठी. 240 रोपांच्या 240 ओळी भरल्या. एररला (द्रावण आणि कप्पा वगळून उरलेल्या फरकाला) 231 डिग्री मिळाल्या, पी-मूल्य (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) इवलंसं, शेजारी आर ठळक निकालाला देतं त्या तीन चांदण्या. पण द्रावण दिलं होतं ट्रेला, रोपाला नाही. एका ट्रेमधली दहा रोपं एकच पाणी, एकच कोपरा वाटून घेतात. ट्रेची सरासरी घेऊन 24 ओळींवर पुन्हा चालवलं, तेव्हा एररला उरल्या 15 डिग्री आणि चांदण्या गेल्या. आरला ओळी दिसतात, ट्रे दिसत नाहीत. पहिला अहवाल पाठवला नव्हता हे नशीब.

पुढच्या फेरीत दोन ट्रे बुरशीने गेले. संख्या असमान झाली की एओव्हीमध्ये (आरची अ‍ॅनोव्हाची कमांड) घटकांचा क्रम बदलल्यावर उत्तर बदलतं, कारण ते वर्गबेरीज (एकूण फरकाचं माप) क्रमाने वाटतं. ब्लॉक आधी, द्रावण नंतर, एवढं पाळलं तर काम होतं. मिश्र मॉडेलसाठी (ज्यात ट्रे-कप्प्यांमधला योगायोगाचा फरकही धरतात) एलएमई4 हे आरचं पॅकेज घेतलं. ते पी-मूल्य देतच नाही. आधी चिडलो, मग त्यामागचं कारण वाचलं: तिथे एररच्या डिग्री नक्की किती धरायच्या हाच वादाचा मुद्दा आहे.

हेल्पची पानं ज्याला आधीच येतं त्याच्यासाठी लिहिल्यासारखी आहेत, त्यासाठी एक गुण कापतो. पाचपैकी चार. वर्षातून एकदाच टी-टेस्ट करणाऱ्याने एवढा खटाटोप करू नये.

सध्या तापमानाचा परिणाम पाहतोय. चेंबर दोनच, तापमानं दोन. प्रत्येक चेंबरमध्ये कितीही ट्रे कोंबले तरी तापमानाची पुनरावृत्ती शून्य, आणि इथे कुठलीही कमांड कामाची नाही. म्हणून दर फेरीला चेंबरची तापमानं अदलाबदल करून तोच प्रयोग पुन्हा लावतो. चौथी फेरी चालू आहे.