एकच डबा की दोन? छोट्या ऑफिसचा लिनक्स फायरवॉल आणि फाईल सर्व्हर

आठ-दहा पीसीचं ऑफिस, टॅली-एक्सेलच्या फायली एका जागी हव्यात आणि नेटला जरा लगाम पण हवाय, मग प्रश्न येतोच की जुन्या पीसीत दुसरं लॅन कार्ड टाकून सगळं त्यातच बसवायचं की फायरवॉल (नेट आणि ऑफिसच्या मधला पहारेकरी) वेगळा घ्यायचा.

एका डब्याचा मोह मलाही झालेला. डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाका, एका कार्डाला ब्रॉडबँडची वायर, दुसऱ्याला स्विच, एनएफटेबल्सचे (लिनक्सच्या आतल्या फायरवॉलचे) पंधरा-वीस रूल, वर सांबा (विंडोजच्या पीसींना फायली शेअर करणारं सॉफ्टवेअर), झालं काम, खर्च काय तर एक कार्ड. एका सीए ऑफिसात असं बरीच वर्षं निवांत चाललं आणि मग ३१ जुलैला, रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, ऐन दुपारी एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) उडाला. नेटही गेलं, फायलीही गेल्या. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर पोर्टल उघडत होतं हो, पण भरणार काय, वर्किंग सगळं सर्व्हरवर! रिसेप्शनच्या पीसीचा एसएमपीएस काढून लावला तेव्हा कुठे साहेब माझ्याशी बोलायला लागले.

दुसरं म्हणजे, जे मशीन थेट नेटला जोडलंय त्याच्यावरच सांबा ऐकत बसलेला असतो. त्याला आतल्या कार्डापुरता बांधता येतो, 'बाइंड इंटरफेसेस ओन्ली' त्यासाठीच आहे, पण ते करायचं राहिलं असेल आणि टेस्टिंगला म्हणून कोणी रूल काढले आणि परत टाकायला विसरला की ४४५ पोर्ट (फाईल शेअरिंगचा दरवाजा) जगाला मोकळा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस विंडोजच्या याच फाईल शेअरिंगमधून पसरला आणि त्याच महिन्यात सांबातही मोठं भोक सापडलं.

दोन डबे केले तर फायरवॉलला ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) चालणारा छोटा राउटर पुरतो, फक्त घेण्याआधी मॉडेलचं व्हर्जनही बघा, नाव तेच असून आतली चिप वेगळी निघते. फायरवॉललाही पीसीच वापरायचा तर आयपीफायर, म्हणजे खास फायरवॉलसाठीचं लिनक्स. ओपीएनसेन्स हा फायरवॉलपण मस्त आहे, पण तो लिनक्स नाही, फ्रीबीएसडी या वेगळ्या सिस्टिमवर चालतो. मग जुना पीसी नुसता फाईल सर्व्हर, कमांड नको असतील तर ओपनमीडियाव्हॉल्ट टाका, सगळं ब्राउझरमधून होतं.

तीन-चार जणच असाल, बाहेरून लॉगिन वगैरे नको असेल, तर ब्रॉडबँडवाल्याचाच राउटर पुढे राहू द्या (त्याचा पासवर्ड तेवढा बदला) आणि मागे फाईल सर्व्हर लावा. बाकी सगळ्यांना मी दोनच सांगतो.

एक डोकेदुखी दोन्हीकडे सेम. बिनपासवर्डचा गेस्ट शेअर विंडोज ११ प्रो आता उघडूच देत नाही, त्यामुळे आळस न करता प्रत्येकाचा युजर बनवा. सांबाचं रिसायकल (सर्व्हरवरचा रिसायकल बिन) चालू करा, डिलीट झालेली फाईल मिळते. पण कोणी जुन्या शीटवरच नवीन सेव्ह मारलं तर ते कामाचं नाही, तिथे बॅकअपच लागतो. दोन यूएसबी डिस्क, आलटून-पालटून, एक कायम साहेबांच्या घरी.